मदत हवी आहे: कॅल्कोफ्लुअर लावलं की हायफांची टोकं फुगतात, मग जिवंत वाढ बघायची कशी?

न्यूरोस्पोरा क्रासा या बुरशीच्या वाढत्या टोकाशी पेशीभित्ती कशी घडते, ते मला जिवंत हायफांमध्ये, म्हणजे बुरशीच्या तंतूंमध्ये, बघायचंय. त्यासाठी कॅल्कोफ्लुअर व्हाइट हा भित्तीला चिकटून चमकणारा रंग वापरतेय. निळी चमक सुंदर मिळते, सेप्टम (तंतूतले आडवे पडदे) तर रेघ ओढल्यासारखे स्पष्ट दिसतात. पण थोड्याच वेळात टोकाचा निमुळता आकार जातो, ते फुग्यासारखं गोल होतं आणि काही टोकं फुटून आतलं सगळं बाहेर सांडतं. मागचा जुना भाग मात्र शाबूत!

कारण साधारण कळतंय. कायटिनच्या (भित्तीला बळकटी देणाऱ्या घटकाच्या) नव्या साखळ्या एकमेकींना चिकटून सूक्ष्मतंतू बनण्याआधीच रंग त्यांना बिलगतो, त्यामुळे भित्ती बांधली जाते ती कच्ची. जुन्या भित्तीत हे काम आधीच उरकलेलं असतं. काँगो रेड हा दुसरा रंगही असाच वागतो. रोन्सेरो आणि दुरान या संशोधकांनी १९८५ मध्येच दाखवलं होतं की या रंगांमुळे जिवंत पेशीत कायटिन जास्त बनू लागतं. म्हणजे जिथे चमक जास्त तिथे वाढ जास्त, असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? मला हीच गोष्ट सर्वात जास्त छळते.

फुगण्याचा दोष सगळा रंगाचाच, असंही नाही. रंग चमकवायला लागणाऱ्या अतिनील उजेडानेही पेशींना इजा होते. म्हणून रंगाशिवाय उजेड आणि उजेडाशिवाय रंग, असे दोन्ही कंट्रोल ठेवलेत. शिवाय आम्लधर्मी माध्यमात हा रंग साका होऊन खाली बसतो, त्यामुळे पीएच तपासूनच घेते.

आता विचारायचं ते हे. माध्यमात १ मोलर सॉर्बिटॉल (बाहेरचा परासरण दाब वाढवणारं द्रव्य) घातलं तर टोकं फुटणं थांबेल, पण आतला दाब आणि वाढीचा वेग बदलल्यावर ती वाढ नैसर्गिक मानायची का? की काही मिनिटंच रंग देऊन धुवून टाकावा आणि त्यानंतर टोकाशी येणारा न चमकणारा भाग मोजावा? मला हा मार्ग जास्त पटतो, पण धुतल्यावर टोक पुन्हा सरळ वाढायला किती वेळ घेतं, हे कुणी पाहिलंय का? फ्लुरेसिन हा चमकणारा रंग जोडलेलं गव्हाचं लेक्टिन (कायटिनला चिकटणारं प्रथिन) जिवंत हायफांवर कुणी वापरलंय का? एफएम४-६४ हा रंग सुचवू नका, त्याने पेशीपटल दिसतं, भित्ती नाही.

उत्तर देताना बुरशी कोणती, रंगाची तीव्रता किती आणि माध्यमाचा पीएच काय होता, तेवढं नक्की लिहा.