शब्दचर्चा: न बोलावता आलेल्या देवीचं ‘विसर्जन’ होतं का?

महालकरीण: अद्भुतकादंबरी लिहिते आहे, जग पूर्ण काल्पनिक. नीरवट हे तलावांचं शहर आणि तिथली तापाची देवी उमरखी. उन्हाळा सरताना ती येते, घरोघरी माणसं तापानं फणफणतात आणि पहिल्या पावसात लोक तिला वेशीबाहेर नेऊन सोडतात. या विधीला विसर्जन म्हणावं की बोळवण? आणि तिच्या जन्मकथेला ‘मिथक’ म्हटलेलं चालेल का?

इतवारीवाला: एवढा विचार काहून करून राहिल्या? आपल्याकडे नागपुरात तान्ह्या पोळ्याला मारबतीचा, म्हणजे पीडेच्या बाईचा, पुतळा मिरवतात तेव्हा काय ओरडतात? ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत!’ काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. सरळ ‘मारबत काढणे’ लिहा ना.

धंतोलीच्या काकू: मारबत नको हो. तिला आपण शिव्या घालत नेतो आणि शेवटी जाळतो. उमरखीला नीरवटचे लोक जाळतात का? नसतील, तर तो शब्द आला की वाचक नागपूरच्या इतवारीत जाऊन उभा राहील, तुमच्या शहरात नाही.

विसर्जनाचं म्हणाल तर त्यात पाणी असलंच पाहिजे असं नाही. आमच्याकडच्या महालक्ष्म्या अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर जेवतात, मूळावर जातात. अक्षता टाकून मुखवटा जरा हलवला की झालं विसर्जन. मुखवटे पुसून पुन्हा पेटीत. पण विसर्जनाच्या आधी आवाहन लागतंच. जिला बोलावलंच नाही तिचं विसर्जन कसं करणार?

बोळवण म्हणजे निघालेल्या पाहुण्याला थोडं अंतर सोबत करून निरोप देणं. लेक सासरी निघाली की बोळवणीची साडी देतात. त्यात माया आहे, आणि ‘आता निघ बाई’ हेही आहे. तापाच्या देवीला याहून बरा शब्द मला तरी सुचत नाही. खण-नारळानं ओटी भरून वेशीपर्यंत सोबत जायचं आणि मागं न बघता परतायचं.

इतवारीवाला: काकू, रोगराईच्या बाईला साडी?

धंतोलीच्या काकू: का नाही? स्मॉलपॉक्स या रोगाचं मराठी नावच ‘देवी’ होतं. देवी ‘झाल्या’ नाही, ‘आल्या’ म्हणायचो. लस टोचण्याला देवी काढणं म्हणत. १९८० मध्ये जग देवीमुक्त जाहीर झालं, शब्द मात्र म्हाताऱ्यांच्या दंडावरच्या व्रणांत आहेच. म्हणून नीरवटमध्येही कुणाला ‘ताप आला’ लिहू नका. ‘उमरखी आली’ लिहा. निम्मी श्रद्धा त्या क्रियापदातच येते.

व्याकरणवेडा: एक भर. ‘देवता’ स्त्रीलिंगी, ‘दैवत’ नपुंसकलिंगी. इंद्रालासुद्धा ‘ती देवता’च म्हणावं लागतं. उमरखीचं लिंग शेवटपर्यंत झाकून ठेवायचं असेल तर ‘दैवत’ वापरा, ‘ते आलं’ हे जास्त भीतीदायकही वाटतं. ‘मिथक’ हा अभ्यासकाचा शब्द. तुमच्या कादंबरीत परगावचा पंडित असेल तर त्याच्या तोंडी शोभेल. नीरवटची आजी ‘कहाणी’च सांगेल.

महालकरीण: आजी आहे, पंडित नाही. मग कहाणीच. शेवटी ‘साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ ठेवू का?

व्याकरणवेडा: ते श्रावणातलं, आपल्या घरातलं आहे. नीरवटला तिचं स्वतःचं पालुपद हवं. ‘उतू नये मातू नये’सारखी जोडक्रियापदांची लय घ्या, शब्द नवे करा.

महालकरीण: ‘शिवू नको, रुसू नको, वेस ओलांडून थांबू नको.’ चालेल?

धंतोलीच्या काकू: चालेल. फक्त ‘नको’चं ‘नये’ करू नका. देवीशी भांडायचं तर तोंडावर.

इतवारीवाला: हे तर मारबतच झालं, काकू. फक्त साडी नेसवली.