मदत हवी आहे: जुनी डिझेल पिकअप, दोन टाक्या. दुसरीवर टाकली की पहिली भरून वाहते आणि घाटात गाडी दम टाकते

करूळघाट:

नमस्कार मंडळी,

गाडी २००३ची डिझेल पिकअप, जुन्या मेकॅनिकल पंपाची, नव्या गाड्यांतली कॉम्प्युटरवाली कॉमन रेल सिस्टीम नाही. मूळ टाकी डाव्या अंगाला. उजव्या अंगाला चॅसीला पट्ट्यांनी आवळलेली दुसरी टाकी, ती आधीच्या मालकानं बसवून घेतलेली. आरसीवर नोंद आहे, कागदाचा प्रश्न नाही. डॅशबोर्डवरचं बटण दाबलं की चॅसीवरचा सहा नळ्यांचा मोटरवाला व्हॉल्व्ह फिरतो आणि सप्लाय (इंजिनकडं जाणारी नळी), रिटर्न (परत येणारी नळी), डिझेल दाखवणाऱ्या काट्याची वायर असं सगळं एका टाकीवरून दुसरीवर जातं. म्हणजे जायला पाहिजे.

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातून गुळाचे रवे भरायचे, कळे, गगनबावडा करत करूळ घाट उतरून वैभववाडी, कणकवली. येताना नारळ. म्हणजे चढताना गाडी भरलेलीच असते.

डाव्या टाकीवर गाडीला काहीच तक्रार नाही. उजवीवर टाकली की डाव्या टाकीतलं डिझेल वाढायला लागतं. डावी आधीच भरलेली असेल तर झाकणाच्या कडेनं बाहेर येतं. परवा गगनबावड्याला चहाला थांबलो, खाली उतरून बघतोय तर टाकीच्या पोटावरून डिझेल ओघळून मागच्या टायरवर आणि मडफ्लॅपवरून थेंब थेंब रस्त्यावर. पैशाचं नुकसान आहेच, पण पावसातल्या घाटात माझ्या मागनं येणारा एखादा दुचाकीवाला त्यावरनं घसरला तर काय, या विचारानं झोप लागंना झालीय. तेव्हापासून उजवी टाकी वापरणं बंद ठेवलंय.

दुसरा त्रास असा, की उजवी टाकी अर्ध्याच्या खाली गेली की घाट चढताना मिसिंग सुरू होतं, म्हणजे इंजिन मधेच अडखळतं. ॲक्सिलेटर दाबला तरी गाडी ओढत नाही. वर सपाटीला आली की आपोआप ठीक.

आणि उजवीवर काटा पाऊण टाकीला अडकून बसतो. त्याची घाई नाही.

डिझेल फिल्टर नवा टाकलाय. वॉटर सेपरेटरमधून पाणी आणि काळा गाळ निघाला. डिझेलच्या नळ्या जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे (बँजो बोल्ट) वायसर बदलले, हातपंप मारून एअर काढली. एका गॅरेजवाल्याचं म्हणणं अख्खा व्हॉल्व्ह बदला, दुसरा म्हणतो उजवी टाकीच काढून टाका. टाकी काढायची नाही, लांबच्या फेऱ्यांना तिचा फार आधार आहे. हे सगळं एकट्या व्हॉल्व्हमुळं होतंय का, आणि खर्चात पडायच्या आधी घरच्या घरी कसं तपासू?

जुना_पंपवाला:

भाऊ, मला हे दोन वेगळे रोग वाटतात. एकत्र धरले म्हणून गॅरेजवाल्यांचा गोंधळ झालाय.

डिझेल इंजिन घेतलेलं सगळं डिझेल जाळत नाही. पंपाचं आणि नोझलचं जादा डिझेल रिटर्नच्या नळीनं टाकीत परत येतं. सप्लाय उजवीकडून आणि रिटर्न डावीकडं असं झालं की डावी भरणारच. अमेरिकेत फोर्डच्या जुन्या एफ-१५० पिकअपना कंपनीतूनच दोन टाक्या यायच्या. त्या पेट्रोलच्या, प्रत्येक टाकीत आपापला पंप. तिथंही रिटर्नची झडप नीट बसली नाही की एका टाकीतलं इंधन दुसरीत जाऊन ती वाहायची.

तपासायला सोपं आहे. डाव्या टाकीवरची रिटर्न नळी सोडवून बाटलीत धरा, गाडी चालू करा आणि बटण उजवीवर टाका. बाटलीत धार पडत राहिली तर व्हॉल्व्हची रिटर्नची बाजू गेली. बटण बदलताना मोटरचा आवाज पूर्ण येतो का तेही ऐका, कधी वायर गंजून करंट कमी पडतो आणि व्हॉल्व्ह अर्ध्यावर थांबतो.

घाटातल्या मिसिंगसाठी व्हॉल्व्ह मधनं काढून उजव्या टाकीचा सप्लाय आणि रिटर्न दोन्ही सरळ जोडा आणि तसाच घाट चढा. एकदा टाकी फुल्ल करून, एकदा अर्ध्याखाली. चढाला डिझेल टाकीच्या मागच्या बाजूला जातं. उचलणारी नळी पुढच्या टोकाला असेल तर ती उघडी पडते आणि हवा ओढते. फुल्ल टाकीवरही मिसिंग आलं तर नळीच्या तोंडची जाळी, होजच्या क्लिपा आणि टाकीचा व्हेंट (हवा आत यायचं भोक) बघा. झाकण उघडताना आत हवा ओढल्याचा आवाज आला तर व्हेंट चिखलानं बंद आहे. सप्लायच्या बाजूला गळती असली तरी बाहेर डिझेल दिसंलच असं नाही, चालू गाडीत ती हवा आत घेते.

यार्डातला:

काट्यासाठी उजव्या फ्लोटचं (टाकीत तरंगून पातळी सांगणारा भाग) अर्थिंग आधी घासून बघा दादा. ते ठीक असेल तर दोन्ही फ्लोटचे ओहम मीटरनं मोजा. बाहेरून बसवलेल्या टाकीचा फ्लोट वेगळ्या मापाचा असला तर काटा कधीच खरं सांगणार नाही.

करूळघाट:

पंपवाले दादा, लाख आभार. बाटलीत धार पडत राहिली, म्हणजे रिटर्नची बाजूच गेलीय. व्हॉल्व्ह काढून सरळ जोडल्यावर डावी वाढायची थांबली. पण अर्ध्या टाकीवर घाटात मिसिंग तसंच, फुल्लवर अजिबात नाही. टाकीचं फ्लँज (नळी बसवलेली वरची चकती) उघडलं तर नळी खरंच पुढच्या कोपऱ्यात उभी आहे. उद्यमनगरातल्या वर्कशॉपात ती वाकवून मधोमध, थोडी मागं घ्यायला देतोय. आता व्हॉल्व्ह नवा घेऊ, की हाताचे साधे कॉक लावू? कॉक स्वस्त पडतील.

जुना_पंपवाला:

नळीचं काम फ्लँज टाकीपासून बाहेर काढूनच करून घ्या, टाकीजवळ वेल्डिंग अजिबात नको. जाळी तळाला टेकवू नका, थोडं अंतर ठेवा, नाहीतर गाळ ओढेल. टाकी उघडीच आहे तर गाळ आत्ताच धुऊन काढा.

कॉक चालतील, पण रिटर्नला बंद होणारा कॉक लावू नका. घाईत रिटर्न बंद राहिला तर डिझेलला जायला जागा नाही, दाब चढून पंपाचे सील जातात. कोणत्याही बाजूला फिरवला तरी एक वाट उघडी राहील असा तीन तोंडांचा घ्या. सप्लायचा आणि रिटर्नचा कॉक एकाच पट्टीवर शेजारी बसवा आणि दोन्हीच्या दांड्या एका सळईनं जोडून घ्या, म्हणजे एक फिरला आणि एक राहिला असं होणार नाही. तुम्हाला घाटात खाली उतरून फिरवायचं नसेल तर मात्र मोटरवाला व्हॉल्व्हच नवा घ्या. तो येईपर्यंत डावी टाकी तोंडापर्यंत भरू नका.