‘जुने रिव्हॉल्व्हर म्हणजे सोने’ या सल्ल्याचा प्रतिवाद

ओहायोकर

डॅलसकर यांनी परवा लिहिले की, गावातल्या बंदुकीच्या दुकानात जुने कोल्ट किंवा स्मिथ अँड वेसन दिसले की मागचापुढचा विचार न करता उचलावे, कारण त्याचा भाव कधी उतरत नाही. हे वाचून गप्प बसवले नाही. १९५५ साली आलेले कोल्ट कंपनीचे पायथॉन रिव्हॉल्व्हर २००५ साली बंद झाले आणि त्यानंतर त्याचे भाव चढत गेले, हे मान्य. पण भाव चढतो तो चांगल्या अवस्थेतल्या नगाचा. नळीवर कोरलेल्या नावाला कोणी पैसे मोजत नाही.

म्हणून घेण्याआधी काडतुसांचे फिरते सिलिंडर उघडून सहाही खाने रिकामे असल्याची खात्री करावी, दुकानदाराची परवानगी घ्यावी, आणि बंद केलेल्या सिलिंडरवर बोटाचा हलका दाब ठेवून घोडा, म्हणजे मागचा हातोडा, सावकाश मागे ओढावा. घोडा पूर्ण मागे जाऊन अडकण्याआधी सिलिंडर खटकन जागेवर बसला पाहिजे, आणि तो प्रत्येक खान्याला बसला पाहिजे. जुन्या पायथॉनमध्ये घोडा आणि सिलिंडर यांचा नेमका हाच मेळ, म्हणजे टायमिंग, ढळतो, आणि तो नीट लावून देणारे कारागीर आता मोजकेच उरले आहेत. स्मिथ अँड वेसनचे मॉडेल १९ असेल तर नळीच्या मागच्या तोंडाशी, खालच्या बाजूला जिथे धातू घासून सपाट केलेला असतो तिथे, टॉर्च मारून चीर शोधावी, हलक्या गोळीची .३५७ मॅग्नम ही जोरदार काडतुसे भरपूर झाडली गेली असतील तर ती तिथेच पडते. जुन्या ब्ल्यू, म्हणजे निळसर-काळी झळाळी दिलेल्या, स्मिथच्या घोड्यावर आणि चापावर केस-हार्डनिंगच्या (पोलादाचा पृष्ठभाग कठीण करण्याच्या प्रक्रियेच्या) भुरकट रंगछटा असतात. तेही नळीसारखे निळे-काळे चमकत असतील, तर कोणीतरी संपूर्ण नग पुन्हा ब्ल्यू केला आहे आणि संग्राहकाच्या लेखी त्याची बरीचशी किंमत तिथेच बुडाली, असे समजावे. सोन्याला निदान कस लावून बघतात!

डॅलसकर

एवढी तपासणी हातात घेतल्याखेरीज होत नाही, म्हणजे गावातल्या दुकानातूनच घ्यावे हा माझा मूळ मुद्दा आपणच सिद्ध केलात, त्याबद्दल आभार. ऑनलाइन लिलावातल्या छायाचित्रात घोडा ओढता येत नाही. मी नव्वदच्या दशकात घेतलेले स्मिथचे मॉडेल २७ आज तिप्पट भावाने मागितले जाते, आणि ते घेताना मी टॉर्च वगैरे काही नेला नव्हता. दुकानदार ओळखीचा होता, एवढे मला पुरले.

एडिसनचा रहिवासी

तुम्ही भावावर वाद घालू शकता, हेच तुमचे भाग्य आहे. आमच्या न्यू जर्सीत प्रत्येक हँडगनसाठी पोलिसांकडून वेगळा खरेदी परवाना काढावा लागतो आणि तीस दिवसांत एकापेक्षा अधिक घेता येत नाही. मला आवडलेले जुने कोल्ट दुकानदाराने बाजूला ठेवले होते. परवाना हातात पडेपर्यंत त्याचाही धीर सुटला आणि ते दुसऱ्याच्या घरी गेले. टायमिंग कसले तपासता?

व्हिसाग्रस्त

माझी अडचण याच्याही आधीच्या पायरीवर आहे. मी एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर आहे, त्यामुळे मला स्वतःला घेता येत नाही, आणि जवळच्या दुकानात एक सुंदर मॉडेल १९ आहे. डॅलसकरांनी मला निरोपातून सुचवले की पैसे मी द्यावेत, खरेदी नागरिक असलेल्या मित्राने करावी आणि घरी आणून मला द्यावे. हे चालते का?

ओहायोकर

अजिबात चालत नाही, आणि असा सल्ला देणाऱ्याची मला कमाल वाटते. दुकानात भरायच्या ४४७३ क्रमांकाच्या फॉर्मवर, खरा घेणारा आपणच आहोत का, असा स्पष्ट प्रश्न असतो. तिथे खोटे लिहिणे हा फेडरल गुन्हा आहे. २०१४ च्या अब्राम्स्की खटल्यात एका माजी पोलिसाने आपल्या काकांच्या पैशांतून त्यांच्यासाठी पिस्तूल घेतले होते. काका स्वतः शस्त्र बाळगण्यास पात्र होते, तरीही सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली. इथे तर ज्याच्यासाठी घ्यायचे तो पात्रच नाही! २०२२ च्या कायद्यानंतर अपात्र माणसासाठी अशी खरेदी करणे हा स्वतंत्र गुन्हा झाला असून त्याला पंधरा वर्षांपर्यंत तुरुंगवास आहे. व्हिसावर असलेल्याला सरळ वाट एकच, ती म्हणजे राज्याचा वैध शिकार परवाना. त्याची मुदत संपू देऊ नका, नाहीतर घरात ठेवलेले शस्त्रही बेकायदा ठरेल.

डॅलसकर

म्हणजे आयुष्यात कोंबडीही न कापलेल्या माणसाने हरणाच्या शिकारीचा परवाना काढला की तो विश्वासार्ह झाला, आणि वीस वर्षे कर भरणारा मित्र मात्र गुन्हेगार! असा कायदा आपल्याला पटतो याचेच आश्चर्य वाटते.

ओहायोकर

मला पटतो असे मी कुठे लिहिले? कायदा विचित्र आहे. पण तो विचित्र आहे म्हणून दुसऱ्याच्या मुलाला तुरुंगाच्या दारात उभे करायचे नसते. आपण डॅलसमध्ये बसून सल्ले देणार आणि व्हिसा जाणार त्याचा.

नागपूरचा वाचक

आपले भांडण वाचून करमणूक झाली. आमच्याकडे .३८० आणि .४५५ ची काडतुसे झाडणारी जुनी वेब्ली रिव्हॉल्व्हरे प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे सामान्य नागरिकाला बंदी असलेल्या नळीच्या मापात, मोडतात, म्हणून सामान्य माणसाची धाव .३२ पर्यंत. परदेशी .३२ ची आयात कधीच बंद झाल्याने तेच जुने नग लाखांत फिरतात. आजोबांचे .३२ चे वेब्ली वडिलांच्या नावावर करताना घातलेले हेलपाटे वेगळेच, आणि निवडणूक आली की ते पोलीस ठाण्यात जमा. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात. संग्रह कसला करणार?

डॅलसकर

ठीक आहे, वकीलसाहेब. मित्राच्या नावावर घेण्याचा सल्ला मी मागे घेतो; व्हिसाग्रस्तांनी खुशाल हरणे मोजावीत. मॉडेल २७ ला मिळणारा भाव मात्र मी मागे घेणार नाही, आणि ओळखीच्या दुकानदाराला घोडा ओढू द्या म्हणण्याचा अपमान तर मुळीच करणार नाही.

ओहायोकर

त्या ओळखीच्या दुकानदारानेही कोणाकडून तरी ते जुनेच घेतले होते. त्याने तपासून घेतले असेल, एवढी खात्री बाळगा.