शेजारचे बाळ गेले. भेटीला केव्हा जावे?

प्रश्न: आमच्या वाड्यातील दीड वर्षांचे बाळ परवा न्यूमोनियाने गेले, दाराशी त्याचा पांगुळगाडा अजून तसाच उभा आहे, आणि त्याला पुरले असल्यामुळे दहावे-तेरावे होणार नाही, तर भेटीला केव्हा जावे?

उत्तर १: दोन वर्षांखालील मुलाला पुरण्याचा दंडक मनुस्मृतीतही आहे, परंतु दिवस नसले म्हणून दुःख थोडेच कमी होते? आजच पिठले-भात घेऊन जावे. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करावी लागते, त्यासाठीही वडिलांसोबत जावे.

उत्तर २: ‘दुसरे होईल’ असे मात्र कृपया म्हणू नये. माझी मुलगी गेली तेव्हा हे वाक्य मी अनेकांकडून ऐकले; एका मावशींनी तिचे नाव घेतले, तेव्हाच मला रडता आले.

प्रश्नकर्ता: जाऊन आलो. पांगुळगाडा आत ठेवू का, असे विचारले, ताई म्हणाल्या, “राहू द्या.”