गिरगावातल्या चाळी: सगळ्याच पाडायच्या का?

मुगभाटकर
ठाकूरद्वारच्या नाक्यावरून प्रार्थना समाजाकडे चालत निघालं की पत्रे ठोकलेले प्लॉट लागतात. आमच्या गल्लीतल्या दोन चाळींची बोलणीही बिल्डरशी सुरू आहेत. पुनर्विकासाला माझा विरोध नाही. माझं म्हणणं एवढंच की वारसा ठरवताना या शहराने चाळीला कायम उंबऱ्याबाहेर ठेवलं.

1995 साली मुंबईची वारसा नियमावली आली, इमारतींना श्रेणी मिळाल्या. 2018मध्ये ओव्हल मैदानाभोवतीच्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारती जागतिक वारसा यादीत गेल्या. त्याचा मला अभिमान आहे. पण कारकून, मास्तर, छापखान्यातले खिळे जुळवणारे ज्या घरांत राहिले त्यांचं काय? केशवजी नाईक चाळीत 1893 साली सार्वजनिक गणपती बसला, 1901मध्ये लोकमान्य टिळक तिथे येऊन गेले. चाळीला अंगण होतं, चारही बाजूंच्या गॅलऱ्यांतून माणसं खाली बघू शकत होती, म्हणून तो उत्सव तिथे रुजला.

रस्त्याकडचा दर्शनी भाग, तळमजल्याची दुकानं आणि गॅलरी राखून मागे उंच बांधता येईल. दुरुस्तीचं कसब इथेच आहे. 1993 साली बंद पडलेलं रॉयल ऑपेरा हाउस 2016मध्ये पुन्हा उघडलं, तेही गिरगावातच.

दुसरा_मजला
तुम्ही स्वतः अजून चाळीत राहता का? मी राहते. एका खोलीत पाच माणसं, संडास गॅलरीच्या टोकाला. सासूबाईंचे गुडघे गेलेत, रात्री त्यांना धरून न्यावं लागतं. मुलगी दहावीला आहे आणि दार लावून बसता येईल अशी जागा घरात नाही.

31 ऑगस्ट 2017ला भेंडी बाजारातली हुसैनी इमारत कोसळली, 33 माणसं गेली. 16 जुलै 2019ला डोंगरीत केसरबाई इमारत. जूनमध्ये जोराचा पाऊस लागला की आमच्या मजल्यावर कोणी नीट झोपत नाही. आजच्या नियमांत उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतीतल्या भाडेकरूला किमान 300 चौरस फूट मिळतात, 51 टक्के भाडेकरूंची संमती पुरते. इतक्या वर्षांनी गाडी इथवर आली आहे आणि तुम्ही त्यात गॅलरीचे कठडे आणि तिला धरणारे लाकडी कंस आणता. 2012मध्ये शिवाजी पार्क, हिंदू कॉलनी वारसा यादीत घालायचा प्रस्ताव आला तेव्हा तिथल्या रहिवाशांनीच विरोध केला होता. त्यांच्याकडे तर स्वतःचे फ्लॅट होते!

चुना_विटा
दुरुस्तीची कामं करतो, म्हणून थोडं लांबवून लिहितो.

चाळ वयाने पडत नाही, पाण्याने पडते. सागवानी तुळयांची टोकं भिंतीत गेलेली असतात. संडास-मोरीचं पाणी त्या भिंतीत मुरतं आणि आतली टोकं कुजतात, बाहेरून तुळई ठणठणीत दिसते. वर कोणीतरी जुना चुन्याचा गिलावा काढून सिमेंट थापतं, म्हणजे भिंतीला सुकायची वाटच राहत नाही. मग कोणी गॅलरी बंद करून स्वयंपाकघर काढतं, कोणी पोटमाळा घालतो, वर पाण्याच्या टाक्या चढतात. मूळ लाकूड यातलं बरंच सोसतं, पण सगळं नाही.

आता पैसा. 1947च्या भाडे कायद्याने बहुतेक भाडी 1940च्या पातळीवर गोठवली, 1999च्या कायद्यानेही जुन्या भाडेकरूंचं संरक्षण कायम ठेवलं. महिन्याचं भाडं चहापाण्यालाही न पुरणारा मालक तुळई का बदलेल? म्हाडाच्या, म्हणजे सरकारी गृहनिर्माण प्राधिकरणाच्या, दुरुस्ती मंडळाची चौरस मीटरमागे खर्चमर्यादा असते, त्यावरचा खर्च भाडेकरूंनी द्यायचा. म्हणून टेकू लागतात, गर्डर घातले जातात आणि मूळ गळती तशीच राहते.

मागच्या बाजूला संडासांचा स्वतंत्र सिमेंट काँक्रीटचा मनोरा उभारून, दोन खोल्यांचं एक घर करून चाळ नीट राहण्याजोगी करता येते. तांत्रिक अडचण त्यात नाही.

दुसरा_मजला
दोन खोल्यांचं एक घर केलं तर निम्मी बिऱ्हाडं कुठे जाणार? आमच्या ओळखीतली कुटुंबं संक्रमण शिबिरात, म्हणजे तात्पुरत्या घरांत गेली, मुलांची लग्नं तिथेच झाली, परत येणं नाही.

चुना_विटा
याला माझ्याकडे उत्तर नाही. त्याच प्लॉटवर मागे उंच इमारत झाल्याशिवाय हे गणित सुटत नाही.

वाडीशेजारी
वारसा जपण्यासाठी गिरगावातल्याच खोताच्या वाडीचं उदाहरण नेहमी दिलं जातं, पण तिथे बंगले आहेत आणि बरेच मालक स्वतःच्या घरात राहतात, ते घर जपतात. तरीही तिथली जुनी घरं कमी होत गेलीच. चाळीत मालक एक, राहणारे पन्नास आणि हक्क पागडीचा, म्हणजे एकरकमी पैसे देऊन घेतलेल्या भाडेकरूपणाचा. एकाचं औषध दुसऱ्याला चालणार नाही. आणि नुसतं यादीत नाव घालून काय होतं ते काळा घोड्याच्या एस्प्लनेड मॅन्शनने दाखवलं. एके काळचं वॉटसन हॉटेल, 1896 साली ल्युमिएर बंधूंचे चित्रपट दाखवले ती जागा, वारसा श्रेणीही होती. 2019मध्ये धोकादायक म्हणून रिकामी करावी लागली.

मुगभाटकर
@दुसरा_मजला, तुमच्या घराआड मी येणार नाही. प्रत्येक चाळ राखा असंही म्हणत नाही. शहर भागात समूह पुनर्विकासाला किमान 4000 चौरस मीटर जागा लागते, म्हणजे चार-पाच चाळी एकत्र येतात. त्यातली सगळ्यात भक्कम एक निवडा. तिथली बिऱ्हाडं नव्या इमारतीत, तिच्या वाट्याचा एफएसआय, म्हणजे बांधकामाचा हक्क, त्याच प्लॉटवर. खाली दुकानं, वर वाचनालय, मंडळाचं कार्यालय, पाळणाघर. आणि अंगण जमिनीवरच हवं, पार्किंगच्या मजल्यांवरच्या गच्चीवर, म्हणजे पोडियमवर नको. पोडियमवरचं अंगण गल्लीला दिसत नाही, शेजारच्या चाळीतला मुलगा तिथे खेळायला जाऊ शकत नाही. हे करारात आधी लिहून घ्यावं लागेल, पाया खणल्यावर कोणी ऐकत नाही.

दुसरा_मजला
अंगणाचं पटतं. बाकीचं सभेत मांडा, मी ऐकेन. पण माझी अट सांगून ठेवते: आधी सगळ्यांना नव्या घराच्या चाव्या, मग त्या एका चाळीची दुरुस्ती. आणि तिच्या देखभालीचा रुपयाही आमच्या मेंटेनन्समध्ये यायला नको.

चुना_विटा
तळमजल्याच्या दुकानांचं भाडं वेगळ्या खात्यात ठेवा आणि ते फक्त त्याच इमारतीवर खर्च करा. लाकडी इमारतीला दर पावसाळ्याआधी कौलं आणि पन्हळी बघायला माणूस लागतो. तेवढं नियमित झालं तर मोठा खर्च बराच पुढे जातो.