व्हॉल्यूम ग्रुप तयार करताना एक्स्टेंटचा आकार आणि कमाल मर्यादा किती ठेवाव्यात?

प्रश्न

नमस्कार. अंधेरीतील एका लहान व्हिडिओ संकलन स्टुडिओची यंत्रणा मी सांभाळतो. जुनी साठवण भरत आल्यामुळे लॅमिंग्टन रोडवरून १२ टीबीच्या ८ डिस्क आणल्या आहेत आणि हार्डवेअर कार्डावर त्यांचा रेड ६ संच केला आहे. चंक, म्हणजे एका डिस्कवर सलग लिहिला जाणारा भाग, २५६ केबी आहे. दोन डिस्कइतकी जागा पॅरिटीला (डिस्क बिघडल्यास माहिती परत मिळवण्यासाठीच्या हिशेबाला) जात असल्यामुळे सहा डिस्कइतकी जागा हाती राहते. त्यावर लिनक्सच्या एलव्हीएमचा (डिस्कची जागा एकत्र करून हवी तशी वाटणारी व्यवस्था) एकच व्हॉल्यूम ग्रुप (जागेचा सामायिक साठा) आणि त्यात ४० टीबीचा एक लॉजिकल व्हॉल्यूम (त्या साठ्यातून काढलेला भाग) करायचा आहे.

एका जुन्या मार्गदर्शिकेत असे लिहिले आहे की एक्स्टेंट, म्हणजे जागावाटपाचे सर्वांत लहान एकक, ४ एमबीचा असेल तर लॉजिकल व्हॉल्यूम २५६ जीबीच्या पुढे जात नाही, म्हणून ३२ किंवा ६४ एमबी घ्यावा. हे आजही खरे आहे का? मोठ्या एक्स्टेंटने वाचन-लेखनाचा वेग वाढतो का? शिवाय लॉजिकल आणि फिजिकल व्हॉल्यूमची (ग्रुपला दिलेल्या डिस्क किंवा संचांची) कमाल संख्या किती लिहावी? एकदा चित्रीकरणाच्या फाइली भरल्या की हा ग्रुप मोडून पुन्हा बांधणे आम्हाला परवडणार नाही, म्हणून आधीच विचारत आहे.

पहिले उत्तर

२५६ जीबीची मर्यादा एलव्हीएमच्या पहिल्या मेटाडेटा (ग्रुपच्या मांडणीची नोंद) रचनेची होती. तिच्यात एका लॉजिकल व्हॉल्यूममध्ये जास्तीत जास्त ६५,५३४ एक्स्टेंट बसत, आणि त्यांना ४ एमबीने गुणले की २५६ जीबीच्या किंचित खाली उत्तर येते. एलव्हीएम २ च्या रचनेत ते बंधन नाही. १०२४ च्या हिशेबाने आपली जागा सुमारे ६५.५ टीबी भरेल, म्हणजे ४ एमबीचे सुमारे १ कोटी ७१ लाख एक्स्टेंट होतील. आकडा मोठा दिसतो, पण मेटाडेटामध्ये प्रत्येक एक्स्टेंटची वेगळी नोंद नसते, तर सलग तुकडा कोठे सुरू होतो आणि किती लांब आहे एवढेच लिहिलेले असते. त्यामुळे सलग ४० टीबीचा व्हॉल्यूम ४ एमबीवर असो वा ६४ एमबीवर, नोंद सारखीच राहते. एक्स्टेंटची संख्या फार वाढली तर व्यवस्थापनाच्या आज्ञा मंदावू शकतात, मात्र वाचन-लेखनाच्या वेगावर तिचा परिणाम होत नाही.

आपल्या बाबतीत खरा प्रश्न निराळा आहे आणि तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. सहा डिस्कवर २५६ केबी म्हणजे पूर्ण पट्टा (प्रत्येक माहिती-डिस्कवरचा एकेक चंक मिळून) १५३६ केबीचा, अर्थात दीड एमबीचा. रेड ६ मध्ये पट्ट्याचा काही भागच लिहायचा असेल तर कार्डाला आधी जुनी माहिती वाचून मग पॅरिटी नव्याने काढावी लागते, म्हणून लॉजिकल व्हॉल्यूमची सुरुवात पट्ट्याच्या सीमेवर असणे हिताचे असते. दीड एमबीत तीनचा गुणक आहे आणि दोनाच्या कोणत्याही घाताला तीनने भाग जात नाही. त्यामुळे ४, ३२ किंवा ६४ यांपैकी काहीही घेतले तरी पुढे तयार होणारे व्हॉल्यूम सीमेवर येतील याची खात्री नाही. आजच्या एलव्हीएममध्ये एक्स्टेंट दोनाचा घातच असावा असे बंधन नाही, १२८ केबीच्या पटीतला आकारही चालतो. मी आपल्या जागी ४८ एमबी घेईन. त्यात बरोबर ३२ पट्टे बसतात आणि उद्या चार किंवा आठ माहिती-डिस्कचा, याच चंकचा संच जोडला तरी हिशेब जुळतो.

त्याबरोबर पीव्हीक्रिएट (फिजिकल व्हॉल्यूम तयार करणारी आज्ञा) चालवताना डेटा अलाइनमेंट (माहिती ज्या मापाच्या सीमेवर सुरू व्हावी ते माप) १५३६ केबी द्यावी. कित्येक हार्डवेअर कार्डे पट्ट्याची रुंदी लिनक्सला कळवत नाहीत आणि मग पहिला एक्स्टेंट १ एमबीवर सुरू होतो. तसे झाल्यास ४८ एमबीचा उपयोग उरत नाही. पीव्हीएस या आज्ञेच्या पीई स्टार्ट (पहिला एक्स्टेंट कोठे सुरू होतो) या रकान्यात हे तपासून मगच पुढे जावे. एक्सएफएस ही फाइल-प्रणाली घालणार असाल तर तिथेही २५६ केबी आणि ६ हे आकडे स्वतः द्यावेत.

दुसरे उत्तर

वरील उत्तराशी मी सहमत आहे. मर्यादांबद्दल मात्र थोडे लिहितो, कारण त्यांची किंमत आम्ही एकदा मोजली आहे. मी पूर्वी नरिमन पॉइंट येथील एका कार्यालयात एचपी-यूएक्सवर (एचपीच्या युनिक्स प्रणालीवर) काम करत असे. तिथे व्हॉल्यूम ग्रुप तयार करतानाच प्रत्येक डिस्कमागे जास्तीत जास्त किती एक्स्टेंट, हे ठरून जाई. मूळ आकडा १०१६ असे आणि पहिली डिस्क मोठी असल्यास तिच्या मापाने तो वाढे. आम्ही ९ जीबीच्या डिस्कवर, पुढचा विचार न करता, मूळ आकड्यांनीच ग्रुप केला. नंतर ३६ जीबीची डिस्क जोडली तेव्हा तिच्यातली जेमतेम ९ जीबी वापरात आली. त्या वेळी आमच्याकडे मर्यादा बदलण्याची सोय नव्हती, म्हणून सर्व माहिती टेपवर घेऊन ग्रुप नव्याने बांधावा लागला.

आयबीएमच्या एआयएक्स या युनिक्स प्रणालीतल्या मूळ प्रकारच्या ग्रुपमध्येही ३२ डिस्क आणि डिस्कमागे १०१६ विभाग (तिथले एक्स्टेंट) अशी चौकट होती. पुढे आलेल्या स्केलेबल प्रकारात १०२४ डिस्क चालतात. लिनक्सच्या एलव्हीएम २ मध्ये लॉजिकल आणि फिजिकल व्हॉल्यूमच्या दोन्ही कमाल संख्या मुळात शून्य असतात आणि शून्याचा अर्थ तिथे ‘मर्यादा नाही’ असा होतो. त्या तशाच ठेवाव्यात. जपायचे असेल तर मेटाडेटाच्या जागेला जपावे. ती मुळात सुमारे १ एमबी असते, आणि हजारो व्हॉल्यूम किंवा स्नॅपशॉट (व्हॉल्यूमच्या त्या क्षणाच्या प्रती) होणार असतील तर ती पीव्हीक्रिएटच्या वेळीच वाढवून घ्यावी लागते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. पीई स्टार्ट खरोखरच १ एमबी दाखवत होते. सर्व पुसून १५३६ केबीने पुन्हा केले, आता १.५० एमबी येत आहे. ग्रुप ४८ एमबीवर केला आणि कमाल संख्यांना हात लावला नाही. एक शंका उरली आहे : पुढे कधी हा आकार बदलता येईल का?

पहिले उत्तर देणारे

व्हीजीचेंज या आज्ञेने बदलता येतो, पण प्रत्येक व्हॉल्यूमचा आणि त्याच्या तुकड्यांचा मेळ नव्या आकाराशी बसला तरच. लहान करणे सहसा सोपे जाते. मोठा करताना आधी व्हॉल्यूमचे माप बदलणे किंवा पीव्हीमूव्हने तुकडे हलवणे भाग पडू शकते. आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्या : दोन ग्रुप व्हीजीमर्जने एकत्र करायचे असतील तर दोघांच्या एक्स्टेंटचा आकार एकच असावा लागतो. त्यामुळे स्टुडिओतल्या दुसऱ्या सर्व्हरवर पुढे ग्रुप कराल तेव्हा तिथेही पट्ट्याचा हिशेब जुळत असल्यास ४८ एमबीच घ्या.