मदत हवी आहे: चंद्रावरची रेडिओ दुर्बीण मुलांना कशी समजावू?

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत विज्ञान शिकवते. नववीच्या पोरांनी प्रदर्शनासाठी विषय निवडलाय: चंद्राच्या पलीकडच्या बाजूवरून रेडिओ खगोलशास्त्र. मला मनापासून आनंद झालाय, पण गाडी अडलीय.

पलीकडचीच बाजू का, ते पोरांना पटलंय. साधारण १० मेगाहर्ट्झच्या खालच्या लहरी आपलं आयनांबर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) अडवतं, त्यावर आपल्याच प्रक्षेपणांचा गोंगाट. मीडियम वेव्ह लावलेल्या रेडिओजवळ मोबाईलचा चार्जर धरला, तर खरखरीत स्टेशन पार बुडालं. चंद्राच्या पाठीमागे मात्र खुद्द चंद्रच पृथ्वीला आड करतो. पहिले तारे पेटण्याआधीच्या हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची लहर विश्वाच्या प्रसरणाने ताणली जाऊन आज ५० मेगाहर्ट्झच्याही खाली आलीय. ती टिपायला तशी शांतता हवी.

आता अडचण सांगते. तिथली रात्र आपल्या सुमारे १४ दिवसांची. सौरपट्ट्या बंद, थंडी उणे १७० अंश सेल्सिअसच्या आसपास. आणि निरीक्षणाला रात्रच उत्तम, कारण सूर्याचाही रेडिओ-गोंगाट नसतो! मग बॅटरी उबदार ठेवायची कशी? अँटेना थेट चंद्राच्या मातीवर पसरली, तर माती सिग्नलमध्ये काय फेरफार करते? दुसऱ्या प्रश्नावर तर मीच अडकलेय.

खोडदच्या जीएमआरटीत (पुणे जिल्ह्यातली मोठी रेडिओ दुर्बीण) किंवा बेंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत (चंद्राभोवती फिरणाऱ्या ‘प्रतुष’ या रेडिओ उपकरणाचा प्रस्ताव त्यांचाच) कुणाची ओळख आहे का? पोरांशी तासभर मराठीत बोलणारं कुणी हवंय. कन्नडही चालेल, पोरांना येतं. बेळगाव स्टेशनवरून आणायची-सोडायची सोय आम्ही करू.